अर्ध्या गोळीचा राग

थायरॉइड हा बायकांचा आजार आहे असे आमच्या बेळगावच्या शहापुरातील गल्लीचे ठाम मत असल्यामुळे, मला तो जडल्याचे कळल्यावर भेटायला आलेल्यांच्या चेहऱ्यांवर काळजीपेक्षा संकोचच अधिक होता. बायकांत त्याचे प्रमाण पुरुषांच्या कैक पटींनी जास्त असते हे खरे. पण थायरॉइड ही ग्रंथी पुरुषांच्याही गळ्यात असते, हे शेजाऱ्यांना पटवून देण्याइतका उत्साह मला तेव्हा उरला नव्हता. शिवाय सतत थंडी वाजणे हे लक्षण बेळगावात कुणाच्या ध्यानात येणार? येथे जुलै महिन्यात निम्मे गाव स्वेटर घालूनच भाजी आणायला निघते.

माझी ग्रंथी मंदावली होती, म्हणून तीच बनवते त्या संप्रेरकाची, थायरॉक्सिनची म्हणजे टी-फोरची, गोळी सुरू झाली. रोजच्या १०० मायक्रोग्रॅमने माझा टीएसएच, म्हणजे ग्रंथी कमी पडली की रक्तात वाढणारा तिचा हाकाऱ्या, ०.४ ते ४ या शहाण्या मर्यादेत येऊन बसला. मी मात्र नववी ब च्या वर्गात खुर्चीवर पेंगतच राहिलो. तेव्हा डॉक्टरांनी त्याला टी-थ्रीची जोड द्यायचे ठरवले. टी-फोर हा कोठीतला जोंधळा आणि टी-थ्री ही तव्यावरची भाकरी. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करण्याचे काम यकृत, मूत्रपिंड अशा ठिकाणची विकरे आयोडिनचा एक अणू काढून घेऊन करीत असतात आणि बहुतेकांचे त्यावर भागते. दोन्ही गोळ्या एकत्र देऊन झालेल्या चाचण्यांत सरसकट सर्वांना जास्त फायदा झाल्याचे दिसलेले नाही, तेव्हा तीन महिन्यांत फरक न वाटल्यास निमूट एका गोळीवर परत यायचे, असेही त्यांनी बजावले.

टी-फोर ८८ वर उतरला आणि सोबत टी-थ्रीचे ५ मायक्रोग्रॅम आले, तेही निम्मे सकाळी आणि निम्मे दुपारी. हे अडीच मायक्रोग्रॅम चिठ्ठीवर लिहायला जितके सोपे, तितकेच कापायला अवघड. स्टीलच्या ताटलीत ती इवलीशी गोळी ठेवायची, मधल्या रेघेवर नव्या ब्लेडची धार टेकवायची आणि श्वास रोखून दाबायचे; मग एक तुकडा ताटलीत राहतो आणि दुसरा टण्णकन उडून फ्रिजखाली जातो. राहिलेला तुकडा निम्म्याहून मोठा की लहान, यावर सौ.चे आणि माझे एकमत झाल्याचे मला आठवत नाही. ताटलीच्या तळाशी जी पांढरी भुकटी उरते, ती बोटाने टिपून घ्यावी की धुऊन टाकावी, हा तर स्वतंत्र वादाचा विषय आहे.

सकाळची मात्रा उपाशीपोटी घेऊन पुढे किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, पाण्याखेरीज काही घ्यायचे नाही, असा नियम आहे. ज्या गावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला गेलेला मनुष्य चहा घेतल्याशिवाय घरी परतत नाही, तेथे हा नियम पाळणे म्हणजे माणसे तोडणे होय. शेजारचे अण्णा कंपाउंडावरून रोज पुकारतात, "चा कुडीरी, सर!" आणि मी हातावरचे घड्याळ दाखवतो, माझी शाळा आता पहाटेच भरते, असा त्यांचा समज झाला असावा. पाहुण्यांनी प्रेमाने पुढे केलेला कुंदाही सकाळी वर्ज्य, कारण दुधातले कॅल्शियम गोळी नीट शोषू देत नाही. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्यांना तर चार तास लांब ठेवावे लागते.

पण हे सगळे मी हसतमुखाने सोसले असते. खरा जाच निराळाच आहे. दोन गोळ्या सुरू झाल्यापासून माझी एकही भावना माझ्या मालकीची राहिलेली नाही. भाजीत मीठ जास्त पडल्याचे जरा चढ्या आवाजात सांगितले, तर सौ. शांतपणे म्हणते, "तुकडा मोठा पडला असेल." दुपारी डोळा लागला, तर दुसरा तुकडा लहान पडलेला असतो. आई येता-जाता छातीकडे बोट करून विचारते, "काय गा, धडधडालंय काय?" आणि तिने विचारले की खरोखरच धडधडू लागते. गृहपाठ न आणणाऱ्या मुलाला मी परवा फैलावर घेतले, तेव्हा मागच्या बाकावरून अत्यंत कळवळ्याने प्रश्न आला, "सर, दुपारची गोळी घेतलासा काय?" पंचवीस मिनिटे टिकेल असा तो सात्त्विक संताप त्या एका वाक्याने बसला.

याला उत्तर द्यावे म्हणून मी वाचन वाढवले. केंडॉल यांनी अमेरिकेत थायरॉक्सिन वेगळे काढले ते १९१४ च्या नाताळच्या दिवशी, आणि ग्रॉस व पिट-रिव्हर्स यांना लंडनमध्ये टी-थ्रीचा पत्ता लागला तो १९५२ साली. म्हणजे मधली अडतीस वर्षे सारे श्रेय एकट्या टी-फोरने खाल्ले. रक्तातला टी-फोर निम्मा व्हायला सुमारे सात दिवस लागतात आणि टी-थ्रीला साधारण एकच, त्यामुळे मंगळवारच्या चिडचिडीचा जाब नेमका कोणत्या गोळीला विचारायचा हे कुणालाही सांगता येणार नाही, असे मी घरात सप्रमाण मांडले. सौ. म्हणाली, "मग दोघींनाही विचारा."

मात्रा बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे जातात, तोवर तपासणीला अर्थ नसतो. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून असलेल्या दाव्याच्या निकालाकडे डोळे लावून बसलेल्या आम्हा सीमाभागातल्या मंडळींना आठ आठवड्यांचे काय अप्रूप? पण माझ्या घरच्यांना तेवढाही धीर नव्हता.

अखेर त्या दिवशीची गोळी न घेता, सकाळीच रक्त दिले. अहवालात टीएसएच २.१ आला, टी-थ्रीही मर्यादेत निघाला, वर्गातले पेंगणेही थांबले होते, आणि डॉक्टरांनी हीच मात्रा चालू ठेवायला सांगितली. सौ.ने कागद दोन्ही बाजूंनी वाचला.

"म्हणजे गोळी आता बरोबर बसली?"

"अगदी बरोबर," मी अभिमानाने म्हणालो.

"मग माळ्यावरचे डबे काढा म्हटल्यावर तुम्हाला काल जो आळस आला, तो कुणाचा?"

मी आईकडे पाहिले. ती शेंगा सोलत होती.

"ह्येचा बाबा बी असाच होता की गे," ती सुनेला म्हणाली.