संघटनेच्या वेबसाइटची साठा पडताळणी

परवा ग्रंथपाल संघटनेच्या बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, "वेबसाइट तर गेल्याच वर्षी झाली ना? मग त्या समितीचं आता काय काम उरलंय?" त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. तरी घरी आल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण नेमकं हेच आपल्याला सगळे जन्मभर विचारत आलेत: पुस्तकं तर लावून झाली, मग दिवसभर करता काय? ग्रंथपालानेच ग्रंथपालाला हे विचारावं, याचं वाईट वाटलं.

आम्ही पाच जण ही वेबसाइट सांभाळतो. सगळे नोकरी करून, रात्री किंवा रविवारी. एकानेही संगणकाची पदवी घेतलेली नाही. पहिल्या वर्षी आम्ही नवीन काहीच बांधलं नाही, फक्त साठा पडताळणी केली, ग्रंथालयात एकेक पुस्तक नोंदीशी ताडून पाहतात तशी. म्हणजे अक्षरशः नोंदवही घालून बसलो: पान कोणतं, कोणी टाकलं, शेवटचं कधी तपासलं, त्यातल्या लिंका कुठे जातात.

निम्मा वेळ लिंकांनीच खाल्ला. यात नवल काही नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२४ मध्ये मांडलेला हिशेब असा की २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती. पण 'पान सापडलं नाही' असं सांगणारी लिंक परवडते, निदान खरं बोलते. घातक असते ती उघडणारी लिंक. एखाद्या संस्थेने जुना डोमेन, म्हणजे वेबसाइटचा नोंदवलेला पत्ता, सोडून दिलेला असतो, तो दुसऱ्याच कुणीतरी घेतलेला असतो, आणि आपण 'उपयुक्त संदर्भस्थळे' म्हणून वाचकाला थेट जुगाराच्या जाहिरातीवर नेऊन सोडतो. पाटी जुनीच, आत दुकान भलतंच. लिंक तपासणारी सॉफ्टवेअरं अशा ठिकाणी निर्धास्तपणे 'ठीक' म्हणतात, कारण पान उघडतं. तिथे माणसाने जाऊन वाचावंच लागतं.

आमच्या हातूनही एक चूक झाली, तीही सांगते. नवी मांडणी करताना आम्ही जवळपास सगळ्या पानांचे पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे वळवायची सोय केलीच नाही. रात्रीतून सगळ्या पुस्तकांचे वर्गांक, म्हणजे कपाटातली जागा सांगणारे क्रमांक, बदलावेत आणि पुस्तकांची यादी असलेली तालिका तशीच ठेवावी, तसं झालं. एका संशोधक विद्यार्थिनीने कळवलं की तिच्या प्रबंधातले आमच्या वार्तापत्राचे संदर्भ आता कुठेच पोचत नाहीत. मग एकेक जुना पत्ता शोधून नव्याला जोडत बसलो. काही अंकांच्या तर फायलीच आमच्याकडे राहिल्या नव्हत्या. १९९६ पासून वेबपानं साठवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्या सापडल्या. आपल्याच संघटनेचा इतिहास दुसऱ्याच्या कपाटातून परत आणावा लागला. तेव्हापासून पत्ता बदलायचा विषय निघाला की मी आधी वळवायची यादी मागते.

डोमेनचं प्रकरण तर झोप उडवणारं होतं. कुणा जुन्या पदाधिकाऱ्यांनी भल्या हेतूने तो स्वतःच्या ईमेलवर नोंदवला होता. पुढे ते निवृत्त झाले, तो ईमेल बंद पडला आणि नूतनीकरणाच्या सूचना तिकडेच जात राहिल्या. एका सकाळी साइट उघडेना. डोमेनची मुदत संपली की तो लगेच हातचा जात नाही, सोडवून घ्यायला थोडे दिवस मिळतात, म्हणून वाचलो. पण मालकी आपलीच हे सिद्ध करायला जो कागदांचा खटाटोप करावा लागला, तो कुठल्याच संघटनेच्या वाट्याला येऊ नये. डोमेन, होस्टिंग (साइट जिथे ठेवतो ती भाड्याची जागा), पासवर्ड हे सगळं पदाच्या नावावर हवं, व्यक्तीच्या नव्हे. प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली ग्रंथालयाची दाखल नोंदवही कुणी घरी घेऊन जातं का?

एका गोष्टीबद्दल मला जरा जास्तच पोटतिडीक आहे. आमच्या एका अंध सभासदाचा फोन आला: "सभासदत्वाचा अर्ज उघडतो, पण माझा स्क्रीन रीडर गप्प बसतो." स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर. अर्ज म्हणजे कागदाचं स्कॅन केलेलं चित्र होतं, त्यात वाचण्याजोगं अक्षर एकही नव्हतं. त्याच पानावर 'येथे क्लिक करा' अशा सात-आठ लिंका. स्क्रीन रीडर वापरणारे पुष्कळदा पानावरच्या लिंकांची यादी काढून ऐकतात, म्हणजे त्यांना सलग ऐकू येणार ते 'येथे क्लिक करा, येथे क्लिक करा'. जुनी परिपत्रकं युनिकोड ही आजची सर्वत्र चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टंकलेली, ती शोधात सापडत नाहीत आणि वाचकयंत्रालाही कळत नाहीत. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतलं 'वाचकाचा वेळ वाचवा' हे आपण परीक्षेत लिहून आलोय. ते सूत्र इथे लागू करायचं म्हणजे एका संध्याकाळी बसून तो अर्ज नव्याने टंकायचा आणि लिंकेला तिचं खरं नाव द्यायचं. आम्ही ते केलं. त्या सभासदाने पुढच्या वर्षीचं नूतनीकरण कुणाच्याही मदतीशिवाय केलं. समितीत घालवलेल्या वर्षांत याहून मोठं समाधान मला मिळालेलं नाही.

बैठकीत असाही सूर निघाला की सगळं एखाद्या कंपनीला देऊन मोकळे होऊ. तांत्रिक भाग जरूर द्यावा, माझा आग्रहच आहे. सुरक्षेची अद्यतनं, बॅकअप ही हौशी माणसांच्या फावल्या वेळेवर सोडायची कामं नव्हेत. ज्यावर साइट उभी असते ते सॉफ्टवेअरही म्हातारं होतं. ड्रुपल ७ हे वेबसाइट बांधायचं सॉफ्टवेअर २०११ मध्ये आलं आणि ५ जानेवारी २०२५ ला त्याचा अधिकृत आधार संपला. त्यावर उभ्या असलेल्या साइटींना मुक्काम हलवणं भागच होतं. अशा खर्चाची तरतूद अंदाजपत्रकात दरवर्षी हवी, संकट आल्यावर वर्गणी काढून नको.

पण कोणतं परिपत्रक रद्द झालंय, कोणतं जुनं असूनही लागू आहे, हे कंपनी कशी सांगणार? ते चालू पानावरून हटवायचं की संग्रहात तारीख घालून ठेवायचं? हा निर्लेखनाचा, म्हणजे संग्रहातून काय काढायचं याचा, निर्णय आहे आणि तो घ्यायला ग्रंथपालच लागतो. म्हणून या कामाला संघटनेत 'ज्याला संगणक येतो त्याच्याकडे द्या' एवढीच किंमत असू नये. वार्षिक अहवालात जसा चर्चासत्रांचा वृत्तांत येतो, तसा वेबसाइटचाही यावा: किती पानं तपासली, किती दुरुस्त केली, कोणी केली. नावानिशी. माणूस थकून समिती सोडतो तेव्हा कामापेक्षा हे न दिसणंच त्याला जास्त थकवत असतं. असे दोन चांगले सहकारी आम्ही गमावलेत.

सध्या आम्ही हस्तांतराची वही लिहितोय. कुठलं काम कसं करायचं, कधी करायचं, अडलं तर कुणाला विचारायचं, सगळं साध्या भाषेत, नव्या माणसाला पहिल्या दिवशी कळेल असं.

येत्या शनिवारी 'नोकरीच्या संधी' हे पान हातात घेतोय. मुदत उलटलेल्या जाहिराती काढायच्या आहेत आणि पुढे त्या आपोआप निघतील अशी व्यवस्था लावायची आहे. दोन तास देता येणार असतील तर मला निरोप टाका. कोडिंग आलंच पाहिजे असं नाही. नोंदी नीट तपासता येत असतील तर तेवढं पुरे.