निपाणीकर, चेकडिस्क मीही चालवली, पण नंतर

निपाणीकर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की खानापूरच्या मामांच्या बिघडत्या ५०० जीबी डिस्कची नक्कल काढायला चार दिवस मशीन चालू ठेवणं हा वेडेपणा; चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय, लावली असती तर दुपारपर्यंत काम झालं असतं, आणि मी उगाच लोकांना घाबरवतो.

एक चूक कबूल. ‘डिस्क संथ झाली म्हणजे संपलीच’ असं मी सरसकट लिहून गेलो. खराब केबलनेही तसंच होतं. स्मार्टमधला, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यातला, १९९ नंबर वाढत असेल तर आधी केबल बदलून बघावी.

पण मामांच्या डिस्कचा १९७ नंबर वाढत होता, म्हणजे वाचता न येणारे सेक्टर, डिस्कवरचे छोटे कप्पे. कान लावला की कुरकुर, क्षणभर शांत, परत तीच कुरकुर. एकाच जागी अडून ती पुन्हा पुन्हा वाचायला बघत होती. अशा डिस्कवर खराब सेक्टर शोधणारी चेकडिस्क लावणं म्हणजे धाप लागलेल्या म्हाताऱ्याला राजहंसगड चढवणं. शिवाय ती त्याच डिस्कवर लिहिते. फायलींचे तुकडे मग ‘फाउंड’ फोल्डरात बेनाव पडतात, ते तुम्हीही पाहिले असतील.

मी नक्कल काढायला वापरलेल्या डीडीरेस्क्यू प्रोग्रामचं उलटं. पाऊस अंगावर आला की आपण उभं भात आधी कापतो, आडवं पडलेलं नंतर बघतो ना, तसं. सहज वाचता येतं ते आधी दुसऱ्या डिस्कवर, अडेल तिथे उडी मारून पुढे, आणि खराब पट्ट्यांकडे शेवटी परत. कुठवर आलो ते मॅपफाइलीत राहतं. मधे दोनदा लाइट गेली, दोन्ही वेळा तिथूनच पुढे सुरू झालं. सेकंदाला १ एमबी या चालीने ५०० जीबीला जवळजवळ सहा दिवस लागतात. आम्ही चारांत सुटलो.

आजोबांच्या मोडी कागदांचे स्कॅन सगळे उघडले. एका लग्नाच्या व्हिडिओत मात्र अक्षता पडताना चित्र फाटतं. मामी अजून बोलून दाखवते! चेकडिस्क मी चालवलीच, पण नकलेची आणखी एक नक्कल काढून तिच्यावर.

बिघडलेली डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय सोडून द्या. आपल्याकडच्या पावसाळी हवेत थंड डिस्क बाहेर काढली की तिला पाणी सुटतं.

आणि तुमच्या दुकानातली ती टकटक करणारी डिस्क बंदच ठेवा. तिला ना तुमची पद्धत चालेल, ना माझी. क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ नसलेल्या खोलीत, उघडणाऱ्याकडेच पाठवा, आणि गिऱ्हाईकाला खर्च आधी सांगा.