ब्राउझर आहे की बकासुर?

आलं पुन्हा! कोपऱ्यात बटण: अपडेट करा. अरे, परवाच केलं ना? फायरफॉक्सने 2020 पासून आणि क्रोमने 2021 पासून दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती काढायचा सपाटा लावला, तेव्हापासून हे शुक्लकाष्ठ मागे.

बरं, नवीन काय? तर टॅबचे कोपरे गोल झाले! कुणी मागितले होते? वर एआयचा मदतनीस, न बोलावता शेजारी येऊन बसलेला. तो घालवायचं बटण शोधून दाखवा.

मेमरीचं तर बोलूच नका. टास्क मॅनेजर उघडला की एकाच नावाची ही मोठी रांग. प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस, एक्स्टेन्शनला वेगळी. सुरक्षेसाठी म्हणे. 2018 साली स्पेक्टरने, म्हणजे प्रोसेसर चिपमधल्या सुरक्षेच्या त्रुटीने, घाबरवलं, मान्य. पण वीजबिल भरायच्या पानाला चारशे एमबी? त्यात आहे काय? ग्राहक क्रमांकाचा एक रकाना! लॅपटॉपचा पंखा घरघरतोय, टाइप केलेलं अक्षर सावकाश, सवडीने उमटतंय.

त्यावर तोडगा कोणता, तर मेमरी सेव्हर. म्हणजे न वापरलेले टॅब हा परस्पर झोपवणार. लांबलचक लेख अर्ध्यावर सोडून चहा घेऊन यावं, तर पान पहिल्यापासून लोड होतंय. वा! खायचं यानं, उपास आमच्या टॅबना.

आणि तज्ज्ञ भाच्याचा सल्ला: "मामा, रॅम वाढवा." अरे बाबा, ती बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. कुठे वाढवू, डोक्यावर?