काटा पडला म्हणजे मीटर गेला असे नव्हे

जुन्या मोटारबोटींच्या मालकांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा: बोट पंधरा-वीस वर्षांची झाली आणि डॅशबोर्डवरचे काटे वेडेवाकडे वागू लागले की मीटर गेले असे समजून नवा संच बसवावा, मल्टीमीटरवर १२ व्होल्ट दिसले की वायरिंग निर्दोष मानावे, आणि फ्यूज वारंवार उडत असेल तर त्याहून मोठा घालावा. यातले एकही विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही, आणि शेवटचे तर सरळसरळ धोक्याचे आहे.

पहिल्या विधानाची अडचण अशी की तीन-चार मीटर एकाच दिवशी सहसा बिघडत नाहीत. ते एकदम चुकू लागले तर दोष त्या सर्वांना सामाईक असलेल्या जागी, म्हणजे इग्निशनकडून येणाऱ्या पुरवठ्यात किंवा अर्थिंगमध्ये, म्हणजे प्रवाहाच्या परतीच्या वाटेत, शोधावा लागतो. मोटारगाडीचा पत्रा अर्थिंगचे काम करतो. फायबरच्या बोटीत ती सोय नसते, म्हणून प्रत्येक मीटरला बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत परतीची तार लागते आणि पुष्कळ जुन्या बोटींत ही तार एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी साखळीने नेलेली असते. त्यातला एक लग, म्हणजे तारेच्या टोकाचा धातूचा जोड, सैल झाला की पुढचे सगळे काटे बिघडतात. कोकणात बोटी पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, आणि त्या दमट महिन्यांत लगांवर जो हिरवट-पांढरा थर चढतो तो नारळी पौर्णिमेनंतर बोट पुन्हा पाण्यात उतरवली की आपले काम दाखवतो. दिवे लावताच इंधनाचा काटा हलत असेल, तर संशय आधी अर्थिंगवरच घ्यावा.

एकच मीटर चुकत असेल तरी तो टाकून देण्याआधी त्याची परीक्षा दोन मिनिटांत होते. अमेरिकी पद्धतीच्या इंधन-मीटरसाठी टाकीतला सेंडर, म्हणजे इंधनाची पातळी मीटरला कळवणारा भाग, रिकाम्या टाकीला सुमारे २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला सुमारे ३३ ओहम रोध देतो. चावी चालू ठेवून मीटरमागची सेंडरची तार सोडवली तर काटा रिकाम्याकडे गेला पाहिजे, आणि तेच टर्मिनल क्षणभर अर्थिंगला जोडले तर भरलेल्याकडे. दोन्ही घडले तर मीटर शाबूत आहे. दोष तारेत किंवा सेंडरमध्ये आहे. ही जोडाजोडी डॅशबोर्डपाशीच करावी, टाकीपाशी कधीही नाही, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळात साचून राहते आणि तिला एक ठिणगी पुरते.

नवा संच बसवण्यातला खरा सापळाही इथेच आहे. युरोपीय पद्धतीच्या मीटरला रिकाम्या टाकीसाठी १० आणि भरलेल्या टाकीसाठी १८० ओहम अपेक्षित असतात, म्हणजे क्रमच उलटा. असा मीटर जुन्या अमेरिकी सेंडरला जोडला तर रिकामी टाकी भरलेली दिसते. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर ही चूक उमगण्यापेक्षा बंद पडलेला जुना काटा बरा. तो निदान खोटे तरी बोलत नाही.

इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या आरपीएम मीटरची गोष्ट थोडी निराळी आहे. बहुतेक जुन्या आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या, इंजिनांत त्याला स्पंदने मिळतात ती चार्जिंगच्या कॉइलकडून. त्यामुळे इंजिन चालू असताना तो शून्यावर बसला आणि बॅटरीचा दाबही १२.६ व्होल्टच्या वर चढत नसेल, तर मीटर नव्हे, कॉइलचा प्रवाह बॅटरीजोगा करणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर तपासावा. दाब १४ व्होल्टच्या आसपास येत असेल, तर मीटरच्या पाठीमागचा छोटा, इंजिनाच्या प्रकाराप्रमाणे लावायचा निवडक स्विच पुरवठा बंद करून मागेपुढे फिरवावा आणि पूर्वीच्याच खुणेवर आणावा. वर्षानुवर्षे न हललेला संपर्क गंजलेला असतो.

‘१२ व्होल्ट दिसतात, म्हणजे तार ठीक’ हे विधान पटण्याजोगे वाटते, पण डिजिटल मल्टीमीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे एका उरलेल्या तंतूवरही तो पूर्ण दाब दाखवतो. मोजमाप भार, म्हणजे त्या तारेवरची उपकरणे, चालू ठेवूनच करावे: मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरे डॅशबोर्डवरच्या मीटरच्या अर्थिंग टर्मिनलवर. महत्त्वाच्या मंडलांत दाबाची एकूण घट तीन टक्क्यांपेक्षा, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे ०.३६ व्होल्टपेक्षा, अधिक नसावी असा अमेरिकी नौका-मानक संस्थेचा दंडक आहे. एवढी घट केवळ अर्थिंगच्या तारेत सापडली तर दुखणे मिळाले.

फ्यूजबद्दल फार बोलण्याची गरज नाही. तो उपकरणाइतकाच, किंबहुना अधिक, तारेच्या रक्षणासाठी असतो आणि त्याची क्षमता तारेच्या जाडीवर ठरते. मोठा फ्यूज घातला की वितळायची पाळी तारेवर येते. फ्यूज उडण्याचे कारण बहुधा साधे असते: भिंतीतल्या भोकाच्या कडेवर घासून सोललेली तार, किंवा पाणी उपसण्याच्या पंपात अडकलेला जाळ्याचा धागा.

सल्ल्यात तथ्य आहे ते एवढेच की काही वायरिंग खरोखर बदलावी लागते. तारेचे टोक इंचभर कापून पाहावे. आतले तांबे लखलखीत निघाले तर नवा लग दाबून बसवणे पुरे. काळेपणा आणखी आत पोचलेला दिसला तर ती तार काढून कथिलाचा मुलामा असलेली नवी तार घालावी.