त्या बाई कधी नव्हत्याच

आज दुपारी भाचीने आपल्या बोलण्याच्या सरावाचे रेकॉर्डिंग पाठवले, आणि ते ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे. तीन आठवड्यांनी तिची आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, आहे. विषय होता लक्षात राहिलेला प्रवास. पहाटेच्या धुक्यातून डोंगरमाथ्यावर चढून पाहिलेल्या सूर्योदयाचे वर्णन तिने दोन मिनिटे, एकदाही न अडखळता केले. असा प्रवास तिने कधीच केलेला नाही. एरवी ही मुलगी बोलताना मध्येच हसते, वाक्य अर्धे सोडते आणि दुसऱ्या टोकाकडून पुन्हा धरते. त्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र ती मला कुठेही ऐकू आली नाही. विचारल्यावर कळले की क्लासमधून पंचवीस उत्तरांची पीडीएफ मिळाली आहे आणि ती सगळी उत्तरे पाठ करायची आहेत.

मला राग आला तो तिचा नाही. भाषा शिकवण्याचे पैसे घेऊन मुलांची स्वतःची वाक्ये काढून घेणाऱ्यांचा आला.

हे मी स्वतः भोगले आहे. माझ्या पहिल्या परीक्षेत, दुसऱ्या भागात, जिने आपल्याला काही शिकवले अशा वयाने मोठ्या व्यक्तीविषयी बोला, असे कार्ड आले. मला मनातून आनंदच झाला, कारण एका आदर्श शिक्षिकेचे उत्तर मला तोंडपाठ होते. तयारीसाठी मिळालेल्या एका मिनिटात मी कागदावर एक शब्दही लिहिला नाही. त्या बाईंची शिस्त, त्यांचे प्रेमळ डोळे, त्यांनी दिलेला आत्मविश्वास, सगळे मी घडाघडा म्हणून दाखवले. परीक्षकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग एकच साधा प्रश्न विचारला, ‘अजून भेटता का त्यांना?’ माझ्या तोंडून शब्द फुटेना. प्रश्नातला प्रत्येक शब्द मला कळला होता. पण त्या बाई कधी नव्हत्याच, मग त्यांना भेटते की नाही हे मी काय सांगणार? ती चार-पाच सेकंदांची शांतता अजून माझ्या कानात आहे. तिसऱ्या भागातली चर्चाही त्या धक्क्यातच गेली.

आयईएलटीएसमधली बोलण्याची ही परीक्षा जेमतेम ११ ते १४ मिनिटांची असते. तिच्यात ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चार गोष्टींना सारखेच वजन असते. तुमचे मत बरोबर की चूक, तुमचा अनुभव किती थोर, याला गुण नसतात. गुणांच्या वर्णनात पाठ केलेल्या वाक्यांचा उल्लेख येतो तोही खालच्या बँडच्या, म्हणजे गुणपातळीच्या, रकान्यांत. हे सगळे उघडपणे उपलब्ध असताना मुलांच्या हाती सूर्योदय का दिले जातात, हे मला खरोखर समजत नाही.

तयारी लागतेच, हे मान्य आहे. परीक्षेचे तीन भाग ठाऊक हवेत, दोन मिनिटे सलग बोलण्याची जिभेला सवय हवी, आणि सुरुवातीची भीती मोडायला चार वाक्ये तोंडात बसलेली असली तर बिघडत नाही. पण चार वाक्ये म्हणजे पंचवीस उत्तरे नव्हेत.

दुसऱ्या वेळी मला हाताने शिकलेल्या एखाद्या कामाविषयी बोलायचे होते. त्या मिनिटभरात मी आजी, सुई, दोरा, बटण एवढेच शब्द लिहिले. बटण लावायला आजीने शिकवले होते. दोऱ्याचे टोक ओठांत ओले करून ती सुई उजेडाकडे कशी धरायची, ते मी सांगत गेले. ‘काज’ला इंग्रजीत काय म्हणतात, ते ऐनवेळी आठवेना. मग, कापडातली ती बारीक चीर, जिच्यातून बटण पलीकडे जाते, असे म्हणून मी पुढे गेले. शब्द अडला की असा वळसा घालून अर्थ पोहोचवता येणे हे कौशल्यच आहे आणि त्याला गुण आहेत, हे मला नंतर समजले. परीक्षकांनी विचारले, आजी अजून शिवतात का? मी म्हणाले, आता तिला दिसत नाही, म्हणून दोरा मी ओवून देते. या उत्तराची तयारी मी कुठे केली होती? ते माझ्याकडे होतेच.

संध्याकाळी भाचीला फोन केला. बोलायला सुरुवात केली तेव्हा माझा आवाज चढलेला होता, हे कबूल करते. ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘मावशी, माझं खरं इंग्रजी इतकं वाईट आहे की ते कुणाला ऐकवायची लाज वाटते.’ यावर मी काय बोलणार? परीक्षेचे शुल्क मोठे, घरच्यांचे डोळे निकालाकडे, अशा वेळी उसन्या वाक्यांचा आधार घ्यावासा वाटला तर त्या पोरीला दोष कसा द्यायचा?

मी तिला एवढेच म्हटले की एकटीने केलेला पहिला प्रवास सांग, इंग्रजीतच सांग. ती चुकीच्या बसमध्ये बसली होती. भूतकाळाची क्रियापदे तीनदा चुकली, ‘कंडक्टर’नंतर पुढचा शब्दच सापडेना, मग स्वतःच हसली आणि वाक्य दुसऱ्या टोकाकडून धरले. शेवटच्या थांब्यावर उतरल्यावर काय केलेस, असे मी विचारले, तर तिने उत्तर दिले, आणि त्याच्या पुढचेही न विचारता सांगत राहिली.