ई-गाडीचा कारखाना काढताय? आधी झेरॉक्स मशीन घ्या

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत प्लॉट बघून आलात, असं कानावर आलं. इलेक्ट्रिक स्कूटर बनवणार म्हणे. अभिनंदन. पण इंजिनिअर शोधायला पुण्याकडे निघाला असाल तर मोहोळला उतरा आणि परत फिरा. तुम्हाला आधी हवाय फॉर्म भरणारा माणूस. ठिबकच्या अनुदानाची फाईल ज्यानं एकदा तरी पास करून आणली आहे, असा. बॅटरीतलं त्याला काही कळत नसेल तर उत्तमच. कळणारी माणसं प्रश्न विचारतात.

मग सरकार नेमके कशाचे पैसे देतं, ते त्याच्याकडून वाचून घ्या. ई-गाड्यांना अनुदान देणारी केंद्राची फेम-2 योजना 2019 ला आली तेव्हा दुचाकीला बॅटरीच्या दर किलोवॉट-तासामागे, म्हणजे तिच्यात मावणाऱ्या दर युनिट विजेमागे, 10,000 रुपये होते. जून 2021 मध्ये त्याचे 15,000 झाले, गाडीच्या किमतीच्या 40 टक्क्यांपर्यंत. तीन किलोवॉट-तासांची बॅटरी ठोकली की 45,000. तुमच्याकडचा एखादा हुशार पोरगा म्हणेल, 'मोटर सुधारली तर लहान बॅटरीतही गाडी तेवढीच पळेल की.' त्याला चहा पाजा आणि विचारा, 'काय बे, बॅटरी लहान झाली की अनुदान कुणाचं लहान होतं?'

अट होती एका चार्जमध्ये किमान 80 किलोमीटरची. म्हणजे अक्कलकोटला जायचं, स्वामींचं दर्शन घ्यायचं आणि सोलापुरात परत यायचं. झालं. एक्क्याऐंशीव्या किलोमीटरसाठी संशोधन करणं याला आपल्याकडे माज म्हणतात.

प्रतिभा लागते ती पुढे. अनुदानासाठी कारखान्यातून निघताना गाडीची किंमत दीड लाखाच्या आत हवी होती. तुमची बसत नाही? चार्जर बाहेर काढा, त्याचं वेगळं बिल करा. सॉफ्टवेअरचं आणखी वेगळं. थाळी स्वस्त, भाकरीचे पैसे निराळे. 2023 मध्ये याचा बोभाटा झाला आणि काही कंपन्यांना गिऱ्हाइकांचे चार्जरचे पैसे परत द्यावे लागले, हे खरं. पण इतक्या वर्षांत स्कूटरमध्ये एवढी नवी कल्पना दुसरी कुठली निघाली, सांगा बरं?

दुसरी अट सुटे भाग देशात बनवण्याची. हिला तर सोलापूरकरानं घाबरायचं कारणच नाही. पानिपतची चादर 'सोलापुरी' नावानं कशी खपते, हे आपण पिढ्यान् पिढ्या कपाळाला हात लावून बघतोय. भौगोलिक मानांकन आपल्याकडे, गठ्ठे त्यांचे. तीच विद्या आता उलटी फिरवायची: मोटर चीनची, स्टिकर चिंचोळीचा. काही कंपन्यांनी आयात केलेले भाग लावून अनुदान घेतलं आणि सरकारनं पुढे ते परत मागितलं. त्यांनी स्टिकर नीट चिकटवला नसणार.

हिरवेपणाची चिंता करू नका. नंबरप्लेट हिरवी मिळतेच. गाडीत भरायची वीज फताटेवाडीच्या वीजकेंद्रात कोळशावर तयार झाली का, हे आरटीओ विचारत नाही.

जून 2023 मध्ये सरकारनं अनुदान पुन्हा 10,000 वर आणलं आणि मर्यादा 40 वरून थेट 15 टक्क्यांवर. मे महिन्यात देशभर लाखावर ई-दुचाकींची नोंदणी झाली होती, जूनमध्ये ती निम्म्याच्याही खाली आली. अशा वेळी गाडी स्वस्त कशी बनेल याचा विचार करत बसू नका, दिल्लीचं तिकीट काढा. ऑक्टोबर 2024 मध्ये पीएम ई-ड्राइव्ह ही पुढची योजना आली. किलोवॉट-तासामागे पहिल्या वर्षी 5,000 आणि दुसऱ्या वर्षी 2,500. हे आकडे असेच उतरत गेले तर एक दिवस तुम्हाला खरोखरच स्कूटर बनवावी लागेल. त्याआधी कारखाना विकता आला तर बघा.

प्रेरणा हवी असेल तर चीनचा अभ्यास करा, पण 2016 पर्यंतचाच. त्या वर्षी तिथल्या अर्थखात्यानं अनुदान लाटणाऱ्या पाच बस कंपन्यांची नावं जाहीर केली. बस बांधून व्हायच्या आधीच तिची कागदपत्रं रंगवण्यापर्यंत मजल गेली होती. पेटंटचंही तसंच. तिथे 'युटिलिटी मॉडेल' नावाचं हलकं पेटंट मिळतं, त्यात शोध खरोखर नवा आहे का हे फार खोलात जाऊन बघत नाहीत. स्टँडचा कोन बदलला तरी संशोधक व्हायची सोय.

पुढचं पान मात्र उलटू नका. तिथल्या सरकारनं मोटारींच्या अनुदानासाठी लागणारं किमान अंतर वाढवत नेलं: 2018 ला 150 किलोमीटर, 2019 ला 250, 2020 ला 300. बॅटरी वजनाला किती ऊर्जा साठवते, हेही मोजायला लागले. आणि 2022 संपताना खरेदीवरचं केंद्राचं अनुदान सरळ बंद. अशानं माणसाला झोप लागत नाही, प्रयोगशाळा बांधावी लागते.

आपल्याकडेही हा प्रकार एकदा घडलाय. 2022 च्या उन्हाळ्यात स्कूटरी पेटल्या आणि बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-156 नियम कडक झाले. सेलमध्ये किती अंतर ठेवायचं, तापली की इशारा कसा द्यायचा, यावर इंजिनिअर मंडळी कामाला लागली, आणि त्याबद्दल वर कुणाला एक रुपया मिळाला नाही.

तुमच्या शेडमध्ये तो मघाचा पोरगा अजून असेलच. मे महिन्यात भर दुपारी, 43 डिग्रीत, पत्र्याखाली बॅटरीला थर्मामीटर लावून बसलेला. सोलापूरच्या उन्हात टिकेल अशी बॅटरी करतो म्हणत असेल. त्या रकान्याची जागा फॉर्मात नाही. त्याला आत बोलवा, पंख्याखाली बसवा आणि झेरॉक्स मशीन शिकवा. तेही तापतंच.