जो जास्त फिरतो तोच जिंकतो? बीजिंगची गुणपत्रिका काढून बघा

हिवाळी ऑलिंपिक आलं की एक पोस्ट हमखास फिरू लागते. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात: फ्रीस्टाइल स्कीइंगमध्ये (स्की घालून हवेत कसरती करायचा खेळ) जो जास्त गिरक्या मारतो त्याला सुवर्ण, ‘स्टाइल’ ही हरलेल्यांची पळवाट, जज मनाला येईल तसे गुण वाटतात, आणि मुळात हा सगळा खेळ स्नोबोर्डवाल्यांची नक्कल. शेवटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. बाकीचे एकेक करून तपासू.

आधी गिरक्या. ३६० म्हणजे एक पूर्ण गिरकी, १४४० म्हणजे चार, १६२० म्हणजे साडेचार. बीजिंग २०२२ची महिला बिग एअर (एकाच मोठ्या चढावरून उडी मारायची स्पर्धा) घ्या. तीन उड्यांपैकी सर्वोत्तम दोन धरतात आणि त्या दोन वेगळ्या असाव्या लागतात. फ्रान्सच्या टेस लेद्यूने १६२० मारली, ९४.५० गुण. चीनच्या आयलीन गूने शेवटच्या उडीत १६२० मारली, तिलाही ९४.५०. आकडा सारखा, गुण सारखे. सुवर्ण ठरलं ते ‘लहान’ १४४०वर: गूला ९३.७५, लेद्यूला ९३.००. एकूण १८८.२५ विरुद्ध १८७.५०.

पुरुषांच्या स्लोपस्टाइलमध्ये (उतारावरच्या रेलिंग आणि उड्या सलग पार करायच्या) तर ही पोस्ट आडवीच होते. अमेरिकेच्या ॲलेक्स हॉलने शेवटच्या उडीत १०८०च्या दिशेने चाललेली गिरकी हवेतच रोखली आणि उलटी फिरवून ९००वर आणली. त्याच ऑलिंपिकच्या बिग एअरमध्ये १८००च्या उड्या होत होत्या, त्यामुळे कागदावर ९०० किरकोळच दिसते. पण हवेत टेकायला काही नसताना अंगाचा वेग मोडून उलट वळणं म्हणजे काय, हे जजना कळत होतं. ९०.०१ गुण, सुवर्ण.

‘जज मनाला येईल ते देतात’ म्हणणाऱ्यांनी उडी हळू गतीने एकदा पाहावी. उंची, अवघडपणा, सफाई, विविधता आणि नवेपणा, हे सगळं बघून गुण पडतात. नेमकं कुठे बिघडतं तेही दिसतं. उडीच्या चढाच्या कड्यावरून सुटण्याआधीच खांदे फिरवले तर स्की घसरतात, उसळी मरते आणि अक्ष वाकडा होतो. हवेत हाताने स्की धरायची असते (हाच ग्रॅब), बूट नव्हे. नुसता स्पर्श करून सोडलं तर तो ग्रॅब कच्चाच. हात उशिरा गेला तर अंग उघडं पडतं, फिरण्याचा वेग उतरतो आणि शेवटचा पाव वेढा राहून जातो. मग स्की बर्फावर आडव्या टेकतात, कड रुतते, तोल सावरायला हात खाली जातो. टीव्हीवर ‘पूर्ण झाली’ असं वाटणारी उडी इथे कित्येक गुण गमावते.

एरियल्समध्ये (उंच चढावरून कोलांट्यांची एक उडी) मात्र आकड्याला खरंच वजन आहे, कारण तिथे अवघडपणाचा गुणक लागतो. पाच जजपैकी वरचा आणि खालचा गुण वगळून उरलेल्या तिघांची बेरीज (कमाल ३०) गुणकाने गुणतात. प्रत्येक जजच्या १० गुणांत उसळीला २, हवेतल्या आकाराला ५, उतरण्याला ३. आता हिशोब करा: ५.० गुणकाची उडी डगमगत उतरली आणि बेरीज २२ झाली, तर ११०. ४.५ची स्वच्छ उतरली, बेरीज २५, तर ११२.५. मोगल्समध्ये (बर्फाच्या उंचवट्यांमधून वळत, मधे उड्या घेत उतरायचं) उड्यांना २० टक्केच; ६० टक्के वळणांना, २० वेगाला. २००२मध्ये सॉल्ट लेकला जॉनी मोझलीने ‘डिनर रोल’ मारला. डोक्यावर पाय नेण्याला तेव्हा मोगल्समध्ये बंदी होती, म्हणून त्याने जवळजवळ आडवं होऊन ७२० काढली. प्रेक्षक वेडे झाले, तो चौथा आला.

आता ‘पळवाट’. स्टाइलचा झेंडा सर्वांत उंच धरला तो स्वीडनच्या हेन्रिक हारलाउटने. फिल कॅसाबॉनबरोबर त्याने फ्रान्समध्ये लेझार्कला स्वतःची ‘बी अँड ई’ स्पर्धाही भरवली. पण हाच माणूस कड्यावर स्कीच्या टोकांवर भार देऊन तिथूनच ट्रिपल कॉर्क (तिरक्या अक्षावर तीनदा उलटणारी) १६२० सोडणारा आणि बीजिंगला बिग एअरचं कांस्य घेणारा. ज्याला आकडे जमतात तोच आकड्यांवर टीका करत असेल, तर त्याला हरलेला म्हणणं जरा अवघडच. एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेने २०२०मध्ये स्कीचा ‘नकल हक’ आणला. त्यात कड्यावरून उडायचंच नाही, उताराच्या माथ्यावरच्या गोलसर उंचवट्यावरून काय सुचेल ते करायचं. पहिला विजेता कोल्बी स्टीव्हनसन, आणि बीजिंगच्या बिग एअरमधलं रौप्यही त्याचंच. दोन्ही गोटांत तीच माणसं आहेत.

राहिली नक्कल. १९७१ साली न्यू हॅम्पशायरच्या वॉटरव्हिल व्हॅलीला हॉट-डॉग स्कीइंगची (फ्रीस्टाइलचं जुनं नाव) स्पर्धा झाली, तेव्हा बर्टन स्नोबोर्ड कंपनी निघायला सहा वर्षं होती. तथ्य आहे ते नव्वदीतल्या पार्क (उड्या आणि रेलिंग असलेला उतार) आणि पाइपबद्दल (बर्फाची अर्धगोल नळी). तेव्हा स्नोबोर्डवाले पुढे होते आणि मोगल्सच्या नियमांना कंटाळलेल्या माइक डग्लस, जेपी ऑक्लेअर वगैरे कॅनेडियन मंडळींनी त्यांच्याकडे बघूनच मागणी केली: मागचं टोकही वर वळवा. चपट्या शेपटीची स्की उलटं, म्हणजे पाठ पुढे करून, उतरताना बर्फात रुतते आणि माणूस पाठीवर पडतो. १९९८च्या सुमारास आलेल्या सालोमनच्या ‘टेनएटी’ने ती अडचण काढली. मागचं टोक वळवल्यावर उलटं उडणं आणि उलटं उतरणं दोन्ही जमू लागलं. पण बोर्डावर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात, स्कीवर मोकळे. स्की फुलीसारख्या एकमेकींवर नेऊन धरायचा ग्रॅब बोर्डावर करून दाखवा, मग नकलेबद्दल बोलू.